मोजपट्टी चौकटीत की बाहेर?

नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, तोवर कॅमेरा आणि पुरातत्त्व यांची सोबत शंभरी ओलांडून गेली होती. १८३९ मध्ये पॅरिसला कॅमेऱ्याची महती सांगतानाच, इजिप्तमधली चित्रलिपी हाताने उतरवण्याचे कष्ट वाचतील, हा मुद्दा पुढे केला गेला. मग लेण्यांचे फोटो आले. त्यांत खांबाशी एखादा माणूस उभा असतो, खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचे नाव सहसा नसतेच.

माणसाच्या जागी पट्टी आली आणि घोळ वाढला. ‘स्केल’ या शब्दात अंदाज आणि माप दोन्ही कोंबलेले आहेत. ट्रेंचमधल्या, म्हणजे खणलेल्या चरातल्या, दोन मीटरच्या लाल-पांढऱ्या काठीने अंदाज येतो. काठी कललेली असेल तर माप चुकते. २० सेंमी उंचीच्या मडक्याचा वरून फोटो घ्या. कॅमेरा जमिनीपासून १ मीटरवर, पट्टी जमिनीवर. मडक्याचा काठ कॅमेऱ्यापासून ८० सेंमीवर येतो, म्हणून त्या पट्टीने मोजला तर २५ टक्के मोठा निघतो. पट्टी काठाच्या पातळीला हवी.

उत्खननाचा फोटो तटस्थ असतो, हेही अर्धेच खरे. सेक्शन, म्हणजे मातीचे थर दाखवणारी चराची उभी बाजू, आधी खुरपीने तासतात. मुळ्या कापतात, कारण ओढल्या की ढेकूळ निखळते. वाळलेले थर फिके पडतात म्हणून पाण्याचा बारीक फवारा मारतात. तो जास्त झाला तर वरची माती ओघळून थरांमधली रेघच पुसते. ऊन चढायच्या आत क्लिक. ही सजावटच की!

अलीकडच्या कला-फोटोग्राफीने हाच ढंग उचलला. कोणी पट्टी प्लास्टिकच्या बाटलीशेजारी ठेवतो. ही चाल आता गुळगुळीत झाली आहे. कोणी पट्टी काढूनच टाकतो, मग खापर डोंगराएवढे दिसते. यात धार आहे, पण मापाला तो फोटो निकामी. कॅमेरा न हलवता पट्टीसह एक आणि पट्टीविना एक, अशा दोन फ्रेम घेतल्या तर भांडण उरत नाही.

शिलालेखांत मात्र तडजोड अवघड. अक्षरांत खडू भरायची जुनी रीत होती. भरणारा जे वाचतो तेच फोटोत उमटते. पांडवलेण्यांसारख्या कातळावर त्यापेक्षा दिवा पृष्ठभागाशी १०-१५ अंशांवर धरावा. एकाच बाजूने धरला तर प्रकाशाच्या दिशेने जाणाऱ्या रेघा बुडतात, म्हणून चारही बाजूंनी स्वतंत्र फ्रेम घ्यावी. कॅमेऱ्याच्या तिपाईची (ट्रायपॉडची) परवानगी आधीच काढावी.