स्कॅम २००३ : मालिकेमागची खरी घटना आणि नाशिकरोडचा प्रेस

'स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी' ही हिंदी क्राइम सिरीज सोनी लिव्हवर दोन हप्त्यांत आली, पहिले पाच एपिसोड १ सप्टेंबर २०२३ला आणि उरलेले पाच ३ नोव्हेंबरला. दिग्दर्शक तुषार हिरानंदानी, मालिकेची एकूण सूत्रं हंसल मेहता यांच्याकडे, आणि आधार पत्रकार संजय सिंग यांच्या 'तेलगी स्कॅम : रिपोर्टर की डायरी' या हिंदी पुस्तकाचा. बनावट स्टॅम्प पेपर विकणाऱ्या अब्दुल करीम तेलगीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते त्यामुळे ती इथे थोडक्यातच घेतली आहे. या नोंदीचा भर आहे तो गोष्टीतल्या नाशिकवर, कारण हा गुन्हा ज्या कागदावर उभा राहिला त्या कागदाचं घर नाशिकरोडला आहे आणि नेमक्या त्याच भागाबद्दल सिद्ध काय झालं आणि नुसतं बोललं काय गेलं यांची सर्वात जास्त सरमिसळ झालेली दिसते.

सिरीजमध्ये ज्याला नुसतं 'नासिक' म्हणतात तो म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, गावात सगळे फक्त 'प्रेस' म्हणतात, फार तर आयएसपी, आणि शेजारच्या करन्सी नोट प्रेसला नोटप्रेस किंवा सीएनपी. बाहेरचे लोक या दोन्ही संस्था एकच समजतात पण नोटा वेगळ्या आणि मुद्रांक वेगळे. प्रेस नेमका कधी सुरू झाला यावर संदर्भग्रंथांत एकमत नाही. काही ठिकाणी १९२४, काही ठिकाणी १९२५ आणि चलनाच्या इतिहासात हमखास १९२८ असं साल दिलेलं असतं. टपाल तिकिटं तोवर लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची, ती १९२५-२६च्या सुमारास नाशिकला छापायला लागली, आणि पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट इथून निघाली ती १९२८ची, म्हणजे तिकिटं धरली तर आधीचं साल आणि नोटा धरल्या तर नंतरचं. तिकिटांपासून मोजणं जास्त बरोबर वाटतं कारण मुद्रांकांचं काम त्याच धाग्यातलं आहे. तर तेलगीच्या काळात हा प्रेस साधारण सत्तर वर्षांचा होता, आणि इतक्या जुन्या छापखान्यात निकामी झालेली यंत्रं साठणं हे साहजिकच होतं, पुढची सगळी चर्चा तिथूनच सुरू होते.

स्टॅम्प पेपरचा प्रवास समजला नाही तर सिरीजमधली अर्धी चाल कळत नाही. कागद साधा नसतो, त्यात वॉटरमार्क असतो आणि तो छापलेला नसून कागद ओला असतानाच उठवलेला असतो म्हणून उजेडात धरला की दिसतो. असा सुरक्षा कागद बनवणारी सरकारी मिल मध्य प्रदेशात होशंगाबादला (आताचं नर्मदापुरम) आहे, ती १९६८च्या आसपासची. कागदावर छपाई होते नाशिकला (काही काम हैदराबादच्या प्रेसमध्येही होतं), तिथून माल रेल्वेने किंवा रस्त्याने राज्यांच्या कोषागारांत म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ट्रेझरीत जातो, ट्रेझरीतून परवानाधारक स्टॅम्प व्हेंडरकडे, आणि व्हेंडरकडून खरेदीखत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र करणाऱ्या माणसाकडे. नाशिकच्या सीबीएसला म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला व्हेंडर ही या साखळीची शेवटची कडी. आता नोट आणि स्टॅम्प पेपर यांतला मोठा फरक असा की नोट शंभर हातांतून फिरते, बँकेत जाते, मशीनखाली जाते, कुठेतरी पकडली जाते. स्टॅम्प पेपर एकदाच विकला जातो, त्यावर टाइप होतं, सह्या होतात आणि तो फायलीत किंवा कपाटात जाऊन वर्षानुवर्षं पडून राहतो, कोणी परत उजेडात धरून बघत नाही. या धंद्याचं खरं मर्म एवढंच आहे.

माल आला कुठून, हा सगळ्यात वादाचा मुद्दा. तीन मतं आढळतात. पहिलं आणि सर्वात लोकप्रिय मत असं की प्रेसने भंगारात काढलेली छपाई यंत्रं लिलावात गेली, ती तेलगीने मध्यस्थांमार्फत मिळवली आणि मुंबईत फोर्ट भागात स्वतःचा छापखाना टाकला, साल बहुतेक ठिकाणी १९९६च्या आगेमागे देतात. नियमाप्रमाणे असं यंत्र मोडून, तुकडे करूनच बाहेर जायला हवं, ते चालू स्थितीत बाहेर गेलं असं हे मत मानतं आणि सिरीजच्या पहिल्या भागाचा कणाही हाच आहे. दुसरं मत यंत्रापेक्षा डाय (छपाईचा साचा), शाई आणि कागद यांना महत्त्व देतं. छपाईचं जुनं यंत्र बाजारात इतरही मिळालं असतं, पण मूळ नमुन्याशी जुळणारी डाय आणि तसा कागद असल्याशिवाय व्हेंडरचा डोळा फसत नाही, म्हणून आतल्या माहितीशिवाय हे शक्य नव्हतं असं हे म्हणणं. तिसरं मत चोरीचं, म्हणजे विकलेल्या मालातला काही भाग बनावट नव्हताच, प्रेसमधून निघालेले अस्सल स्टॅम्प पेपर रेल्वेच्या वाहतुकीत गायब केले गेले.

या तिसऱ्या मताची तपासणी थेट नाशिकच्या कोर्टात झाली आणि राष्ट्रीय पातळीवरच्या लिखाणात तिचा उल्लेख फार क्वचित येतो म्हणून इथे मुद्दाम द्यायचा आहे. नाशिकहून रेल्वेने जाणाऱ्या मुद्रांकांच्या चोरीच्या आरोपावरचा खटला इथल्या सत्र न्यायालयात चालला, ३१ डिसेंबर २०१८ला निकाल लागला आणि तेलगी व इतर आरोपी पुराव्याअभावी निर्दोष ठरले. तेलगी २३ ऑक्टोबर २०१७लाच बंगळुरूत वारला होता, म्हणजे निकाल त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने आला. यावरून चोरीचं मत कोर्टात टिकलं नाही एवढं नक्की म्हणता येतं, आणि पहिली दोन मतं एकत्र धरणं (जुनं यंत्र अधिक जुळणारी सामग्री) जास्त सयुक्तिक दिसतं. पण त्यावरून 'प्रेसवालेच सामील होते' असं सरसकट म्हणायची जी सवय सिरीजनंतर पुन्हा वाढली ती योग्य नाही. नेहरूनगर, उपनगर, जेलरोड या भागांत पिढ्यान्‌पिढ्या घरं या प्रेसच्या पगारावर उभी राहिली, गेटवर रोज झडती देऊन आत जाणारी आणि झडती देऊनच बाहेर येणारी माणसं ही, आणि एका लिलावाच्या फायलीचा डाग सगळ्यांच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

तेलगीचं आयुष्य सिरीजने बऱ्यापैकी नोंदींना धरून घेतलंय. जन्म १९६१, गाव बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, वडील रेल्वेत आणि ते लवकर गेले, मुलाने गाड्यांत फळं विकली, पुढे मुंबई, मग काही वर्षं सौदी अरेबिया, परत आल्यावर माणसं परदेशी पाठवायच्या धंद्यातली बनावट कागदपत्रं आणि त्यातून तुरुंग. स्टॅम्प विक्रीचा परवाना १९९४चा. प्रकरण बाहेर पडायला सुरुवात बंगळुरूत २००० साली झाली, अटक नोव्हेंबर २००१मध्ये अजमेरला.

मग नावात २००३ का, हा प्रश्न साहजिक आहे. अटकेचं साल धरलं तर २००१ हवं होतं. पण महाराष्ट्रात विशेष तपास पथकाने पोलिस आणि राजकारणातल्या मोठ्या लोकांपर्यंत हात घातला आणि रोज पेपरात मथळे आले ते २००३मध्ये, तेव्हा हे साल गुन्ह्याचं नसून गौप्यस्फोटाचं आहे असं धरावं. तपास २००४मध्ये सीबीआयकडे गेला. शिक्षा जानेवारी २००६मध्ये ३० वर्षं सक्तमजुरी आणि जून २००७मध्ये आणखी एका खटल्यात १३ वर्षं, सोबत २०२ कोटींचा दंड.

रकमेचा आकडाही असाच सैल आहे. ३०,००० कोटी हा आकडा सगळीकडे फिरतो, सिरीजच्या जाहिरातीतही तोच होता, काही ठिकाणी २०,००० कोटी सांगतात. यात गोंधळ असा की जप्त झालेल्या कागदाची दर्शनी किंमत, प्रत्यक्ष विकलेला माल आणि सरकारचं बुडालेलं मुद्रांक शुल्क या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची बेरीज करून मोकळे होतात, गोदामात सापडलेला न विकलेला कागद म्हणजे बुडालेला महसूल नव्हे. म्हणून ३०,००० कोटी हा आकडा 'असं म्हटलं जातं' या शब्दांसोबतच वापरावा.

पडद्यामागे मराठी हात बरेच आहेत आणि ते जाणवतात. पटकथेत किरण यज्ञोपवीत आणि केदार पाटणकर, कलाकारांत भरत जाधव, शशांक केतकर, भावना बलसावर ही मंडळी. भरत जाधवांना विनोदी रंगभूमीवर बघत मोठ्या झालेल्या प्रेक्षकांना त्यांना अशा गंभीर गोष्टीत बघणं हा वेगळाच अनुभव होता. तेलगीच्या भूमिकेतले गगन देव रियार मूळचे नाटकवाले, या भूमिकेसाठी त्यांनी वजन वाढवलं, आणि चेहऱ्याचं साम्य तर असं की जुनी छायाचित्रं शेजारी ठेवली तर क्षणभर गोंधळायला होतं. आधीच्या 'स्कॅम १९९२'मधला हर्षद मेहता चमकदार होता, बोलला की टाळी पडायची, हा माणूस मात्र गर्दीत ओळखू न येणारा ठेवलाय आणि तोच निर्णय योग्य होता कारण असा धंदा लक्षात न राहणाऱ्या माणसालाच जमतो. राजकारणी आणि पोलिस पात्रांची नावं बदललेली आहेत, त्यामुळे कोणतं पात्र म्हणजे कोण असे जे अंदाज बांधले जातात त्यांना नोंदीत जागा देता येत नाही. तेलगीच्या कुटुंबाकडून मालिकेला आक्षेप घेतला गेला होता, तरी ती ठरल्या तारखेलाच आली.

घटनेनंतर व्यवस्थाच बदलली. मोठ्या रकमेचे छापील मुद्रांक मागे पडत गेले, बँकेतलं फ्रँकिंग म्हणजे दस्तावर यंत्राने शुल्काचा शिक्का मारणं आलं, मग ऑनलाइन शुल्क भरून मिळणारी ई-पावती, काही राज्यांत स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनचं ई-स्टॅम्पिंग. महाराष्ट्रात छापील कागद उरला तो मुख्यतः १०० आणि ५०० रुपयांचा, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये राज्याने बऱ्याच दस्तांचं किमान शुल्क १०० वरून ५०० केल्यावर शंभराच्या कागदाची मागणीही पडली. प्रेस २००६पासून भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीखाली चालतो आणि आपल्या खिशातला पासपोर्टही तिथेच छापला जातो.