वरचा गिअर लवकर टाकला की इंजिन जास्त टिकतं, हे कितपत खरं?

स्पोर्ट बाईकवाल्यांना वर्षानुवर्षं एक मेसेज फॉरवर्ड होतोय, "आरपीएम वाढूच देऊ नका, पटापट वरचे गिअर टाका, इंजिन टिकतं आणि मायलेज पण मिळतं."

आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं ते. तर या मेसेजमधलं अर्धं खरं आहे. सपाट रस्त्यावर थ्रॉटल हलका ठेवून एका स्पीडने चाललात तर वरच्या गिअरमध्ये पेट्रोल कमीच लागतं. पण चढ आला, मागे कोणी बसलंय किंवा ओव्हरटेक करायचाय आणि तुम्ही कमी आरपीएमवरच थ्रॉटल पिळताय, तर प्रत्येक स्ट्रोकला पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर जोर जास्त येतो, चेनला झटके बसतात, कधीकधी नॉकिंगपण होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठकठक वाजतं. त्यात स्पोर्ट बाईकचं इंजिन बनवलेलंच असतं जास्त आरपीएमवर ताकद द्यायला, कमी आरपीएमवर त्याच्याकडे टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, फारसा नसतोच.

म्हणून दरवेळी रेडलाईनपर्यंत (मीटरवरच्या आरपीएमच्या लाल मर्यादेपर्यंत) ताणायचं असंही नाही हं, रोजच्या चालवण्यात त्याची काही गरज नाही.

स्वतः चेक करायचंय? मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये हळू चालवताना थ्रॉटल थोडा उघडा. गाडी थरथरली, खडखडली किंवा स्पीडच घेईना तर एक गिअर खाली या आणि परत तेच करा, फरक लगेच हाताला कळतो. बऱ्याच गाड्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये कुठल्या स्पीडला कुठला गिअर तेही दिलेलं असतं, ते एकदा उघडून बघाच.