फ्यूल पंप पेट्रोल ओढत नाही

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गाडीचा मेकॅनिकल फ्यूल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवणारा, इंजिनवर चालणारा पंप काढा, इलेक्ट्रिक बसवा, मायलेज वाढेल, पिकअप वाढेल, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली सारखे दिसतात आणि दरवेळी माझी चिडचिड होते. पंप बदलणं वाईट नाहीये, कधीकधी तर अगदी गरजेचं असतं, पण त्याचं कारण मायलेज नाही. साधा हिशोब करा. तासाला 10 लिटर पेट्रोल 4 पीएसआय (दर चौरस इंचाला 4 पौंड) दाबाने ढकलायला लागणारी पॉवर येते सुमारे 0.08 वॅट. घर्षण धरून जरा जास्त धरा, तरी इंजिनला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट छोटा इलेक्ट्रिक पंप 12 व्होल्टवर 1-2 अँपिअर घेतो, म्हणजे 12 ते 24 वॅट, आणि ते अल्टरनेटरमार्फत शेवटी इंजिनच देतं. मग वाचलं काय?

आधी जुना पंप नीट समजून घेऊया, कारण मला तो मनापासून आवडतो. इंजिनच्या कडेला दोन बोल्टवर बसलेला मुठीएवढा धातूचा डबा, आत डायफ्रॅम म्हणजे रबरी कापडाचा पडदा, दोन एकतर्फी वॉल्व, एक स्प्रिंग आणि एक लीव्हर, बस. कॅमशाफ्टवरचा (इंजिनसोबत फिरणाऱ्या दांड्यावरचा) उंचवटा, म्हणजे कॅम, फिरताना लीव्हरला ढोसतो, लीव्हर डायफ्रॅमला खाली खेचतो, वरची जागा वाढून दाब कमी होतो आणि टाकीकडचा वॉल्व उघडून पेट्रोल आत येतं. इथपर्यंत सगळेच सांगतात. पण डायफ्रॅम परत वर ढकलायचं काम कॅम करतच नाही! ते करते खालची स्प्रिंग. कॅम फक्त स्प्रिंग दाबतो, पेट्रोल पुढे पाठवते ती स्प्रिंग, त्यामुळे इंजिन 800 आरपीएमवर असो की 5000 वर, पंपाचा दाब साधारण तेवढाच राहतो, कारण तो स्प्रिंगच्या जोरावर ठरतो, कॅमच्या वेगावर नाही.

आता कार्ब्युरेटरचा बाऊल (थोडं पेट्रोल साठवणारी वाटी) भरला की आतला फ्लोट वर तरंगतो (पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखाच) आणि नीडल वॉल्व (सुईसारखं टोक छिद्रात बसून पेट्रोल अडवणारा) बंद करतो. पेट्रोलला पुढे जायला वाटच नाही, मग डायफ्रॅम खालीच राहतो, स्प्रिंग दबलेलीच राहते आणि लीव्हर नुसता रिकामा हलत बसतो. बाऊलमधलं पेट्रोल चमचाभर खपलं की नीडल उघडते, स्प्रिंग तेवढ्यापुरती सुटते आणि चमचाभरच पेट्रोल जातं. सेन्सर नाही, वायर नाही, कॉम्प्युटर नाही, आणि तरी इंजिनला जेवढं हवं तेवढंच मिळतं, ना कमी ना जास्त. इतक्या कमी भागांत इतकं शहाणं काम करणारं यंत्र मला दुसरं पटकन आठवत नाही.

मग बदलायचा कशाला? उष्णतेमुळे.

आपण सहज म्हणतो की पंप पेट्रोल ओढतो, पण द्रव पदार्थाला दोरीसारखं ओढता येत नाही. पंप फक्त आपल्याकडचा दाब कमी करतो आणि टाकीतल्या पेट्रोलवर बसलेली हवा त्याला पाइपातून ढकलते. हवेचा दाब समुद्रसपाटीला 14.7 पीएसआय, उंचावर गेलात की आणखी कमी. आणि पेट्रोल हे एकच रसायन नसून मिश्रण आहे, त्यातले हलके घटक लवकर उकळतात. 38 अंशाला त्याचा बाष्पदाब (वाफ व्हायचा जोर) साधारण 7 ते 9 पीएसआय असतो आणि 60 अंशाच्या आसपास तो हवेच्या दाबालाच गाठतो. जुना पंप नेमका तापलेल्या इंजिनला चिकटलेला, आणि त्यात तो पाइपातला दाब कमी करत असतो, म्हणजे उकळायला दोन्हीकडून मदत. पाइपात वाफ झाली की डायफ्रॅम वाफेलाच दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. हाच व्हेपर लॉक. गाडी पळताना ठीक असते, 15 मिनिटं थांबवली की फॅन आणि पाणी फिरणं बंद होऊन इंजिनची उष्णता पंपात शिरते आणि मग सेल्फ मारत बसायची वेळ येते. यावर फ्यूल लाइनला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा उपाय बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण चिमट्याने पेट्रोल थंड होत नाही, तेवढ्या वेळात गाडी आपोआप निवते आणि श्रेय चिमट्याला जातं. पंपावर ओलं फडकं ठेवणं मात्र खरंच चालतं, बाष्पीभवनाने उष्णता जाते.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खाली, थंड जागी बसवला की सगळी लाइन दाबाखाली येते. आधी पाइपात 14.7 वजा 2-3 होतं, आता 14.7 अधिक 3, त्यामुळे तेच पेट्रोल त्याच तापमानाला उकळत नाही. फायदा विजेचा नाही, जागेचा आहे. म्हणूनच जुन्या पंपाच्याच जागी, बॉनेटखाली इलेक्ट्रिक पंप लावून कुणी खूश होत असेल तर त्याने व्हेपर लॉकचं काहीच केलेलं नाही. महिनाभर उभी राहून बाऊल सुकलेली गाडी पटकन सुरू होते, हा फायदा मात्र तरीही मिळतो.

दाबाकडे नीट बघा. नीडलच्या सीटचं छिद्र 2 मिमी धरलं तर 3 पीएसआयला नीडलवर साधारण 7 ग्रॅम वजनाएवढा जोर येतो. इंजेक्शनवाल्या गाडीचा 45 पीएसआयचा पंप लावला तर तोच जोर 100 ग्रॅम. फ्लोटने 20 मिली पेट्रोल बाजूला सारलं तर उचल मिळते 15 ग्रॅम, लीव्हरने तिप्पट केली तरी 45. म्हणजे नीडल बंद होणारच नाही, बाऊल ओसंडेल आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडेल. कार्ब्युरेटरचा कमी दाबाचा पंपच घ्या, शंका असेल तर रेग्युलेटर लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुना पंप इंजिन थांबलं की थांबायचा, इलेक्ट्रिक पंप थांबत नाही. अपघातात पाइप तुटला आणि किल्ली चालूच राहिली तर तो पेट्रोल ओतत राहील. म्हणून फ्यूज, रिले, ऑइल प्रेशर स्विच (इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा) आणि इनर्शिया स्विच लावायचेच. इनर्शिया स्विचमध्ये लोहचुंबकाने धरलेली पोलादी गोळी असते, जोराचा धक्का बसला की ती सुटते आणि सर्किट तोडते.

जुना पंप काढलेल्या भोकावर प्लेट आणि गॅस्केट लावा, नाहीतर तिथून ऑइल गळेल. शिवाय काढलेल्या पंपाचा डायफ्रॅम फाटलेला निघाला तर डिपस्टिकचा (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचा) वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ते फाटक्या डायफ्रॅममधून ऑइलमध्ये उतरलेलं असतं, तेव्हा इंजिन चालू करायच्या आधी ऑइल बदला.