सीमाभागातून दहावीनंतर महाराष्ट्रात डिप्लोमा : पात्रता, कागदपत्रे, अर्ज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना एसएसएलसीनंतर (कर्नाटक बोर्डाच्या दहावीनंतर) पॉलिटेक्निकसाठी कर्नाटकाबरोबर महाराष्ट्रातही अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या नियमांत विवादित सीमाभागासाठी ‘ई’ हा वेगळा उमेदवारी प्रकार आहे. फॉर्म भरताना घाईत ‘महाराष्ट्राबाहेरील’ निवडले, तर ही सवलत हातची गेलीच म्हणायची.

दहावीत किमान 35 टक्के हवेत. शाळा सीमाभागातली आणि मान्यताप्राप्त, राहणे सीमाभागात आणि मातृभाषा मराठी. अट मातृभाषेची आहे, माध्यमाची नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांनी हे आधी वाचावे. सीमाभाग म्हणजे महाराष्ट्राने दावा केलेली 865 गावे. बेळगाव जिल्ह्यातले प्रत्येक गाव त्यात येत नाही, म्हणून यादीत आपल्या गावाचे नाव शोधा.

एसएसएलसीचे मार्क्स कार्ड, टीसी आणि आधार घरात असतातच. खरी धावपळ दोन दाखल्यांची. नमुना जी-1 हा सीमाभागातील रहिवासाचा, जी-2 मातृभाषेचा. दोन्ही माहितीपुस्तिकेतल्या छापील मजकुरातच घ्यावेत आणि तळाशी ज्या अधिकाऱ्याचे पद दिले आहे त्याचीच सही-शिक्का घ्यावा. वेगळ्या लेटरहेडवरचे पत्र छाननीत अडू शकते. नाडकचेरीचा (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाचा) दाखला कन्नडमध्ये असेल तर भाषांतर जोडलेले बरे.

अर्ज ऑनलाइन. कागदपत्रांची तपासणी घरबसल्या करून घेता येते किंवा सुविधा केंद्रावर जाऊन. गुण भरताना एकूण 625 लिहा; आपल्याकडे एसएसएलसीत पहिली भाषा 125 गुणांची असते, महाराष्ट्रातल्या सवयीने कुणी 500 सांगेल. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत नाव, प्रकार, गुण तपासून चूक असल्यास मुदतीत हरकत नोंदवा. त्यानंतर कॉलेज आणि शाखांचे विकल्प भरायचे. कोल्हापूरचे शासकीय तंत्रनिकेतन जवळचे म्हणून बहुतेकांची तिथे नजर असते, पण दोन-तीनच विकल्प भरून थांबू नका.

कर्नाटकातला अर्जही भरून ठेवावा. कन्नड माध्यमाचा कोटा मराठी शाळेतल्या मुलाला मिळत नाही. पण पहिली ते दहावी खेड्यात शिकला असेल तर ग्रामीण कोटा मिळतो. त्याचा दाखला मुख्याध्यापकांकडून घेऊन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची प्रतिस्वाक्षरी घ्या. राज्यघटनेच्या 371 जे कलमाची, म्हणजे कल्याण कर्नाटक भागासाठीच्या आरक्षणाची सवलत मात्र बेळगावला लागू नाही. आणि मूळ टीसी एकच असते: ती एका कॉलेजात जमा करण्यापूर्वी दुसऱ्या राज्याच्या फेऱ्यांच्या तारखा पाहून घ्या.