ट्रान्सफॉर्मर लावला तरी टायमर मागेच पडतो
अमेरिकेतून आणलेलं डार्करूमचं (फिल्म धुण्याच्या आणि फोटो छापण्याच्या अंधाऱ्या खोलीचं) सामान भारतात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर बिनधास्त चालतं, हा समज अर्धाच खरा आहे. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 120 करतो. विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, मात्र आपल्याकडची 50 हर्ट्झच राहते, तिकडची 60 होत नाही. एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या, साध्या दिव्याला त्याने काही फरक पडत नाही. खरी गोची जुन्या, काट्याच्या टायमरची. त्याची सिंक्रोनस मोटर वारंवारतेच्या तालावरच फिरते, म्हणून काट्याची 60 सेकंदं सरेपर्यंत प्रत्यक्षात 72 उलटतात. प्रिंटचं एक्स्पोजर (कागदावर उजेड पाडायचा वेळ) त्याच टायमरवर टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या पट्टीवर वेगवेगळ्या वेळांची चाचणी, काढून ठरवलं, तर निभावतं; चाचणीत आणि प्रिंटमध्ये चूक सारखीच असते. पण फिल्म डेव्हलप करताना 10 मिनिटांची 12 होतात आणि निगेटिव्ह नको तितकी दाट येते. फिल्मसाठी सेलवरचं घड्याळच वापरा.