ट्वीड न्यूयॉर्कचा महापौर कधीच नव्हता

भ्रष्टाचाराच्या गोष्टीत 'न्यूयॉर्कचा महापौर बॉस ट्वीड' हा उल्लेख वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. 'बॉस' म्हणून ओळखला जाणारा विल्यम ट्वीड हा एकोणिसाव्या शतकातला न्यूयॉर्कचा पक्षपुढारी. तो नगरसेवक होता, 1853 ते 1855 अमेरिकी काँग्रेसमध्ये होता, पुढे राज्याच्या सिनेटमध्ये गेला. महापौरपद मात्र त्याला कधी मिळाले नाही.

1869 ते 1872 या काळात महापौर होते ए. ओकी हॉल. आधी जिल्हा सरकारी वकील असलेला हा माणूस ट्वीडच्याच टॅमनी हॉल गटाचा, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा. 1870 मध्ये शहराच्या कारभाराची नवी सनद आली, त्यानंतर बिले तपासणाऱ्या मंडळावर हॉल, ट्वीड आणि हिशेबप्रमुख रिचर्ड कॉनली असे तिघे होते. न्यायालयाच्या इमारतीची फुगवलेली बिले याच व्यवस्थेतून मंजूर झाली. 1871 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या बिलांचे आकडे छापले आणि ट्वीड कोसळला. 1878 मध्ये तो तुरुंगातच वारला. हॉल यांच्यावरही खटला चालला. आपण केवळ कार्यालयीन कर्तव्य म्हणून सह्या केल्या, असा त्यांचा बचाव होता. अखेर ते निर्दोष सुटले.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ट्वीडची खरी ताकद पक्षयंत्रणा, नेमणुका आणि कंत्राटांत होती. त्याला महापौर म्हटले की ती यंत्रणा दिसेनाशी होते आणि सह्या करणारा हॉल अलगद निसटतो.