शुद्ध आणि बेशुद्धी : मेंदूतील फरक

माणसाला स्वतःचे आणि भोवतालचे भान असते त्या स्थितीला मराठीत शुद्ध म्हणतात. ती हरपली की बेशुद्धी. गाढ झोप, भूल, कोमा, अपस्माराचे काही झटके या सगळ्यांत भान जाते, पण प्रत्येकात मेंदूचे चित्र निराळे दिसते. बेशुद्धीत मेंदू बंद पडतो, ही समजूत चुकीची आहे. गाढ झोपेतही मेंदूपेशी संदेश पाठवतच असतात. मोडते ते मेंदूच्या भागांचे आपसातले बोलणे.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, काढला. जागेपणी काम करताना ही रेघ बारीक, दाट आणि अनियमित असते. डोळे मिटून स्वस्थ बसले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ वेळा येणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. गाढ झोपेत सेकंदाला ४ पेक्षा कमी, पण उंच अशा डेल्टा लहरी उमटतात. त्या उंच होतात, कारण असंख्य पेशी एकाच वेळी चेततात आणि एकाच वेळी गप्प होतात. अशी एकजूट भानाला मारक ठरते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघत राहते. तेव्हा आलेखावर सेकंदाला सुमारे ३ वेळा एकसारखी टोकदार लहर उठते. वर्गात लक्ष नाही म्हणून अशी मुले उगाच बोलणी खातात.

झोप म्हणजे बेशुद्धी असेही सरसकट म्हणता येत नाही. स्वप्ने विशेषकरून पडतात त्या रेम झोपेतला आलेख जागेपणाच्या आलेखासारखाच असतो. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती (गाढ झोप) वेगळ्या मानल्या, त्याची इथे आठवण होते.

जागे राहण्याची यंत्रणा मेंदूच्या देठात आहे, हे मेंदूशास्त्रज्ञ मोरुझी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. तिथली लहानशी इजाही माणसाला कोमात नेऊ शकते. उलट मेंदूतल्या सुमारे ८० टक्के चेतापेशी लहान मेंदूत असूनही त्याला मोठी इजा झाली तरी भान शाबूत राहते. म्हणजे पेशींच्या संख्येपेक्षा त्यांची जोडणी महत्त्वाची.

भूल देताना हा बदल डोळ्यांसमोर घडतो. दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल शिरेतून जाते, भूलतज्ज्ञ रुग्णाला बोलते ठेवतात आणि थोड्याच वेळात एखादे वाक्य अर्ध्यावर तुटते. आलेखात मंद लहरी येतात आणि अल्फा लहरी कपाळाच्या बाजूला सरकतात. केटामीन या भुलीच्या दुसऱ्या औषधाने मात्र आलेख वेगवान होतो आणि रुग्ण पुढे स्वप्नवत अनुभव सांगतो. त्यामुळे नुसत्या लहरींच्या वेगावरून भान आहे की नाही हे ठरवता येत नाही.

यावर इटालियन मेंदूशास्त्रज्ञ मार्चेल्लो मासिमिनी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने वाट दाखवली, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूच्या एका जागी टिचकी द्यायची आणि तिचे पडसाद ईईजीवर पाहायचे. जागेपणी पडसाद एका भागातून दुसऱ्या भागात जात सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत फिरत राहतात. गाढ झोपेत पहिला प्रतिसाद जोरकस असतो, पण तो जागच्या जागी विरतो. हाक मारली तर आधी साऱ्या वाड्यातून ओ येत होती. आता आवाज त्याच खोलीत राहतो. पुढे या पडसादांची गुंतागुंत आकड्यात मोजण्याची पद्धतही तयार झाली.

या साऱ्याचा खरा कस लागतो तो रुग्णाच्या खाटेपाशी. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. अपघातानंतर ती डोळे उघडत असे, पण कशालाच प्रतिसाद देत नव्हती. एमआरआय यंत्रात तिला ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगताच मेंदूतला हालचालींचे नियोजन करणारा भाग उजळला. घरातल्या खोल्यांतून फिरण्याची कल्पना करायला सांगितल्यावर वेगळे भाग उजळले. निरोगी माणसांत नेमके हेच दिसते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सूचनेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचे आढळले. त्याच अभ्यासात, बाहेरून सूचना पाळू शकणाऱ्या ११२ रुग्णांपैकी केवळ ४३ जणांत यंत्राला असा प्रतिसाद टिपता आला. म्हणून चाचणीत काही आढळले नाही, एवढ्यावरून रुग्णाला भान नाही असे म्हणता येत नाही.